मुंबई सिटी एफसी : हंगामवार वाटचाल
मुंबई सिटी एफसी हा इंडियन सुपर लीगमधील व्यावसायिक फुटबॉल क्लब २०१४ मध्ये स्थापन झाला. पहिले दोन हंगाम तो नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये खेळला व अनुक्रमे सातवा आणि सहावा आला. २०१६ मध्ये अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात येताच त्याने साखळीत अव्वल स्थान मिळवले. उपांत्य फेरीत मात्र कोलकात्याकडून तो हरला. २०१८-१९ च्या उपांत्य सामन्यात एफसी गोवाने त्याला अंधेरीतच ५-१ असे नमवले.

कोविडमुळे २०२०-२१ चे सर्व सामने गोव्यात झाले. सर्जिओ लोबेरा यांच्या मार्गदर्शनाखाली क्लबने शील्ड आणि चषक दोन्ही जिंकले; अंतिम सामन्यात बिपिन सिंगने ९०व्या मिनिटाला विजयी गोल केला. २०२२-२३ मध्ये सलग १८ सामने अपराजित राहून पुन्हा शील्ड मिळाली, तीही गोव्यातील ५-३ अशा विजयाने. २०२३-२४ चा चषक कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून आला. या चारांपैकी एकाही विजेतेपदाचा निर्णायक सामना अंधेरीच्या प्रेक्षकांना घरच्या मैदानावर पाहता आला नाही. २०२४-२५ मध्ये क्लब सहावा आला आणि बाद फेरीत बंगळूरूकडून ०-५ असा पराभूत झाला.