रायगडावर जाण्याच्या दोन वाटा

कोणत्याहि गडावर जावयाचें कसें, हा प्रश्न त्या गडाइतकाच जुना असतो. आमच्या घरांत तो गेल्या हिंवाळ्यांत नव्यानें निघाला. एका दिवसांत रायगड पाहून परत यावें असा बेत चालला होता. मंडळींत तीन पिढ्या होत्या. एका टोंकाला ७८ वर्षांच्या आमच्या आत्याबाई, तर दुसऱ्या टोंकाला नुकतेच कॉलेजांत जाऊं लागलेले चिरंजीव. आत्याबाईंनीं महाराजांची समाधि आजवर चित्रांतच पाहिलेली. आतां दोरावरचा पाळणा झाला आहे, तेव्हां आपल्यालाहि जातां येईल, असें त्या मोठ्या हौसेनें म्हणाल्या. त्यावर चिरंजीव उसळून म्हणाले, "महाराजांच्या गडावर यंत्रानें ओढून घेत जाणें हा गडाचा अपमान आहे. ज्याच्यानें चढवत नसेल त्यानें पाचाडाहूनच हात जोडावे." आत्याबाईंनीं उत्तर दिलें नाहीं. त्या वातींचा कापूस घेऊन आंत निघून गेल्या, आणि बेत तेथेंच अडला.

रागावून मुलाचें तोंड बंद करणें सोपें होतें. परंतु त्याच्या बोलण्यांत भक्ति होती, आणि भक्तीला धाक हें उत्तर नव्हे. म्हणून आम्हीं ठरविलें कीं, हा वाद इतिहासापुढें ठेवावा. रायगडावर आजवर कोण कोण चढलें, कशासाठीं चढलें आणि कसें चढलें, एवढें पाहिलें म्हणजे पाळण्यांत बसणें पाप कीं काय, याचा उलगडा आपोआप होईल, असें आम्हांस वाटलें.

रायगडाचें मूळ नांव रायरी. १६५६ सालीं जावळीच्या मोऱ्यांचा पाडाव झाला, तेव्हां ही डोंगरी शिवाजीमहाराजांच्या हातीं आली. राजधानीसाठीं हीच जागा कां निवडली, याचें कारण सभासदानें आपल्या बखरींत सांगितलें आहे. त्याच्या म्हणण्याचा इत्यर्थ असा कीं, या डोंगराचे कडे तासल्यासारखे सरळ असून पावसाळ्यांतहि त्यांवर गवत उगवत नाहीं. देवगिरीचा किल्ला चांगला खरा, परंतु उंचींत तो याच्यापुढें थोडका. समुद्रसपाटीपासून सुमारें २,७०० फूट उंच असा हा डोंगर आजूबाजूच्या रांगेपासून सुटून एकटा उभा आहे. हिरोजी इंदुलकर यानें त्यावर वाडे, तलाव, बाजारपेठ व देऊळ उभारलें आणि आपलें नांव जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर कोरवून ठेविलें. म्हणजे गड दुर्गम असावा, हा योजकाचा हेतु होता, यांत शंका नाहीं. परंतु दुर्गम कोणाला? हा खरा प्रश्न आहे, आणि चिरंजीवांच्या वादांत तोच सुटून गेला होता.

राजधानी म्हटली कीं तेथें माणसांची जा-ये आलीच. १६७३ सालीं टॉमस निकोल्स नांवाचा इंग्रज वकील मुंबईहून रायगडास आला. जेथें निसर्गानें कडा दिला नाहीं तेथें मोठी तटबंदी घातलेली आणि वाटेच्या पायऱ्या खडकांत खोदलेल्या त्यानें पाहिल्या. पुढच्याच वर्षीं राज्याभिषेकासाठीं हेन्री ऑक्झिंडेन आला. तो पाचाडास पोंचला तेव्हां महाराज प्रतापगडास भवानीच्या दर्शनाला गेले होते, त्यामुळें त्याला पायथ्याशींच मुक्काम करावा लागला. नंतर तो वर गेला. ६ जून १६७४ रोजीं त्यानें राज्याभिषेकाचा दरबार पाहिला. सिंहासनाचें वैभव त्यानें लिहून ठेविलेंच. परंतु आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें त्याचें दुसरेंच एक वाक्य मोलाचें आहे. राजवाड्याच्या दाराशीं दोन लहान हत्ती आणि शृंगारलेले दोन सुंदर घोडे उभे होते. इतक्या बिकट वाटेनें हीं जनावरें वर आणलीं तरी कशीं, याचें त्या इंग्रजास मोठें आश्चर्य वाटलें! पिलें असतांना वर नेऊन तेथेंच वाढविलीं असें लोक सांगतात. युक्ति कोणतीहि असो. चढणें ज्याला स्वभावतः जमण्याजोगें नाहीं त्याला वर नेण्याची सोय त्या काळींहि शोधली जात होती, एवढें यावरून खास ठरतें.

याच वकिलातीची आणखी एक गोष्ट फ्रायर नांवाच्या इंग्रज डॉक्टरानें १६९८ सालीं छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत दिली आहे. गडावर मांसाहार फार थोडा. इंग्रजांना मात्र रोज बकऱ्याचें मांस लागे. तें पुरविणारा खाटीक अगदीं म्हातारा होता. जें मांस आपलें कित्येक वर्षांत खपलें नाहीं तें या पाहुण्यांनीं थोड्या दिवसांत संपविलें, तेव्हां असे गिऱ्हाईक आहेत तरी कोण, हें पाहण्यासाठीं तो थकला जीव सारा डोंगर चढून वर आला! फ्रायरनें ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. आम्हांला ती वाचतांना आत्याबाई आठवल्या. रायगडाच्या पायऱ्या ज्यांनीं झिजविल्या त्यांत सरदार व वकील होते, तसा हा नांव नसलेला म्हाताराहि होता. त्याच्या वेळीं पाळणा असता तर तो त्यांत बसला नसता, असें कोण म्हणेल?

आतां खुद्द राजघराण्याकडे वळूं. पाचाडास जिजाबाईंसाठीं महाराजांनीं वाडा बांधला. गडावरची थंड हवा त्यांना मानवत नसे म्हणून हा वाडा झाला, असें परंपरा सांगते. मुलाचा राज्याभिषेक त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला, आणि अवघ्या अकरा दिवसांनीं, १७ जून १६७४ रोजीं, पाचाडासच देह ठेविला. त्यांची समाधि तेथेंच आहे. आईच्या वयाला व प्रकृतीला गड झेपत नाहीं, तर गडाखालीं तिच्यासाठीं घर बांधावें, असें ज्या पुत्रास वाटलें, त्याच्या नांवानें एखाद्या वृद्धेस पायथ्याशीं अडवून ठेवणें ही भक्तीची उलटी रीत झाली. वरती गेलें तर राणीवशाच्या बाजूला मेणा दरवाजा लागतो. राजस्त्रियांचे मेणे या वाटेनें जात येत, अशी त्याची ख्याति आहे. मेणा कांहीं आपल्या पायांनीं चालत नाहीं. तो भोयांच्या खांद्यावर असतो. राणीचा आराम दुसऱ्याच्या खांद्यावर उभा होता. पाळण्याचा आराम यंत्राच्या बळावर उभा आहे, आणि तिकीट काढील त्या कोणासहि तो मिळतो. यांत गडाचा अपमान कोठें झाला, हें आम्हांस दिसत नाहीं.

हा दोरावरचा पाळणा तरी केवळ आजचा आहे काय? १६४४ सालीं, म्हणजे शिवाजीमहाराज चौदा वर्षांचे असतांना, डान्झिग शहरांत वीबे आडाम नांवाच्या डच इंजिनिअरनें नदीपलीकडच्या टेंकडीवरची माती तटाच्या कामासाठीं दोरावर टांगलेल्या टोपल्यांनीं आणिली. तो दोर तागासारख्या धाग्यांचा होता; माणसाचा जीव टांगण्याजोगा नव्हता. १८३४ सालीं जर्मनींतल्या हार्ट्झ डोंगरांत विल्हेल्म आल्बर्ट या खाणीच्या अधिकाऱ्यानें लोखंडी तारा पिळून दोर केला, तेव्हां खरी अडचण दूर झाली. एक तार तुटली तरी बाकीच्या भार धरून ठेवितात, हें त्या दोराचें मर्म. १९०७ सालीं स्पेनमधील सान सेबास्तियन येथें टोरेस केव्हेदो यानें उलिया डोंगरावर उतारूंचा पाळणा चालू केला. रायगडास ही सोय १९९६ सालीं झाली. पायथ्याच्या हिरकणीवाडीहून निघून हा पाळणा सुमारें ४०० मीटर उंची अवघ्या चार-पांच मिनिटांत चढतो. विहिरीच्या रहाटाला दोन बादल्या असाव्या तशी त्याची रचना आहे: एक बाजू वर जाते तेव्हां दुसरी खालीं येते, आणि एकीचा भार दुसरीस उपयोगी पडतो.

हिरकणीवाडी या नांवापाशीं क्षणभर थांबलें पाहिजे. गडावर दूध घालावयास आलेली गवळण, सूर्यास्ताबरोबर बंद झालेले दरवाजे, घरीं पाळण्यांत रडणारें तान्हें मूल, आणि त्या मुलाच्या ओढीनें कडा उतरून गेलेली आई, ही कथा महाराष्ट्रांतील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. तिला कागदोपत्रीं आधार मागण्यांत अर्थ नाहीं. लोकांनीं बुरुजाला तिचें नांव दिलें हाच तिचा आधार. परंतु कथेचा रोख कोणीकडे आहे, हें पाहण्यासारखें आहे. गडाचा नियम राजाचा होता, तरी लोकांनीं कौतुक केलें तें नियम ओलांडून घरीं गेलेल्या आईचें; आणि महाराजांनींहि तिला शिक्षा न करितां तिचा गौरव केला, असाच शेवट लोक सांगत आले.

एवढें झाल्यावर आमचा निकाल आत्याबाईंच्या बाजूनें लागला, हें उघड आहे. परंतु चिरंजीवांचें म्हणणें सर्वस्वीं टाकाऊ होतें असें मात्र नाहीं. पाळण्यानें जाणारा मनुष्य रायगड पाहतो, पण रायगडाचा दरारा त्याच्या वांट्यास येत नाहीं. दीड हजाराच्या आसपास पायऱ्या चढून घामाघूम झालेला मनुष्य महादरवाजापाशीं येतो, तेव्हां दरवाजा कोठें आहे हें त्याला शेवटपर्यंत कळत नाहीं. सुमारें ७० फूट उंचीचे दोन बुरुज वाट आपल्या कवेंत घेतात, ती वळते, आणि एकदम दार समोर उभें राहतें. आंत शिरल्यावरहि पुन्हां वळण. शत्रूला सरळ धांवत येण्यास जागा म्हणून मिळूं नये, हें ज्ञान पुस्तकांत वाचून होत नाहीं. तें पोटऱ्यांना व्हावें लागतें. पाळण्याची वाट ही सारी योजना बाजूला टाकून प्रवाशाला मेणा दरवाजापाशीं नेऊन सोडते. ज्याचे पाय धड आहेत त्यानें केवळ आळसानें असें जावें, तर त्यानें गडाचें अर्धें पुस्तक न फाडतांच परत केलें, असें म्हणावें लागेल.

शिवाय दुर्गमपणाचा गर्व किती करावा, हेंहि गडानेंच शिकविलें आहे. १६८९ सालीं गड मोंगलांच्या हातीं गेला आणि येसूबाई व बाळ शाहू कैदेंत पडलीं. १७३३ सालीं तो मराठ्यांनीं परत मिळविला. १८१८ च्या मे महिन्यांत कर्नल प्रॉथरच्या इंग्रज फौजेनें समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफगोळे टाकले. दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नी वाराणसीबाई त्या वेळीं गडावर होत्या. वाडे जळाले आणि गड खालीं झाला. कडे जेथल्या तेथें होते, महादरवाजाहि शाबूत होता. गोळे आकाशांतून आले! त्यानंतरचीं वर्षें ओसाडीचीं. त्या काळांत गडाचें जें नुकसान झालें तें लोक सोप्या वाटेनें आले म्हणून नव्हे, तर लोक आलेच नाहींत म्हणून. समाधीची दुर्दशा लोकांच्या डोळ्यांवर आली, लोकमान्य टिळकांनीं निधि जमविण्याची खटपट केली, १८९६ सालीं गडावर उत्सव झाला, आणि १९२६ च्या सुमारास समाधीवर छत्री उभी राहिली. २०२५ सालीं मराठ्यांच्या दुसऱ्या अकरा किल्ल्यांबरोबर रायगडाचें नांव जागतिक वारशाच्या यादींत गेलें. गडाला वांचविलें तें येणाऱ्यांनीं.

तेव्हां आमचा बेत शेवटीं असा ठरला. पुण्याहून पहांटे चारला निघावें. ताम्हिणी घाटानें माणगांवास उतरून महाड गांठावें. तेथून पाचाड सुमारें पंचवीस किलोमीटर. सुटीचा दिवस टाळावा, कारण पाळण्याच्या रांगेंत मोडणारा वेळ हा गडावरच्या वेळांतूनच जातो. पावसाळा टाळावा, वारा व विजा असल्या कीं पाळणा थांबवावा लागतो. तरुणांनीं पायथ्याशीं उतरून पायऱ्यांनीं चढावें. त्यांना दोन तास तरी लागतील. तेवढ्यांत थोरांनीं पाचाडास जिजाबाईंची समाधि पाहून घ्यावी व मग पाळण्यानें वर यावें. मेणा दरवाजापाशीं दोन्ही वाटांचीं माणसें एकत्र व्हावीं. तेथून राणीवसा, राजसभा, नगारखाना, होळीचा माळ, बाजारपेठ, आणि शेवटीं जगदीश्वर व समाधि, असा क्रम. पाळणा वर नेऊन सोडतो, समाधीपर्यंत नेत नाहीं. तेथवर उन्हांत पुष्कळ चालणें आहे. म्हणून पाणी, काठी व सावकाशपणा हीं तिन्ही बरोबर असावीं. उतरतांना सर्वांनीं पाळण्यानें उतरावें, म्हणजे हिरकणीचा कडा तरुणांच्याहि दृष्टीस पडेल.

हा बेत आम्हीं रात्रीं जेवणें झाल्यावर सर्वांना वाचून दाखविला. आत्याबाईंनीं खाटकाची गोष्ट दोनदां सांगावयास लावली. चिरंजीव बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीं कागद मागून घेतला आणि चारचा आंकडा खोडून तेथें साडेतीन केले. कां, म्हणून विचारलें, तेव्हां खालीं पाहून म्हणाले, "आत्या वर पोंचेल तेव्हां दरवाजापाशीं तिचा हात धरायला मीं आधींच जाऊन उभें असलें पाहिजे."