कॅनन, मार्था ह्यूज

(१ जुलै १८५७–१० जुलै १९३२). अमेरिकन डॉक्टर, मॉर्मन पंथीय बहुपत्नीक कुटुंबातील चौथी पत्नी आणि अमेरिकेतील राज्य सिनेटवर निवडून आलेली पहिली स्त्री. जन्म वेल्समधील लँडिड्नो येथे. आईवडिलांनी पंथ स्वीकारल्यावर कुटुंब यूटाकडे निघाले. वाटेत धाकटी बहीण दगावली आणि सॉल्ट लेक सिटी गाठल्यावर तीन दिवसांतच वडील वारले.

शिक्षण : छापखान्यात खिळे जुळवून तिने पैसे साठवले. डेझरेट विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी (१८७८) आणि मिशिगन विद्यापीठाची एम.डी. (१८८०) मिळवल्यावर ती पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकली. १८८२ पासून ती डेझरेट हॉस्पिटलमध्ये निवासी डॉक्टर होती. हे सारे लग्नापूर्वीचे. त्यामुळे सवती घर सांभाळत म्हणून तिला शिकता आले, हे अधूनमधून आढळणारे विधान तिला लागू पडत नाही. ते लागू पडते एलिस शिप (१८४७–१९३९) या दुसऱ्या मॉर्मन डॉक्टरला. १८७५ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात आधी तिची सवत मॅगी गेली होती. घरच्या ओढीने ती महिनाभरात परतली आणि तिच्या जागी एलिस गेली. तिची मुले सवतींनी सांभाळली. तिकडे शिकत असतानाच तिला मुलगी झाली, तरी १८७८ मध्ये ती एम.डी. झाली. (आनंदीबाई जोशी याच महाविद्यालयातून १८८६ मध्ये उत्तीर्ण झाल्या.)

विवाह : ऑक्टोबर १८८४ मध्ये, वयाने २३ वर्षे मोठ्या अँगस कॅननशी. १८८२ च्या एडमंड्स कायद्याने असा संसार गुन्हा ठरला होता, म्हणून लग्न गुप्त राहिले. १८८५ मध्ये मुलगी झाली. बहुपत्नीक घरांतील बाळंतपणे मार्थाने केलेली असल्याने तिला साक्षीला उभे केले जाण्याचा धोका होता. तिच्या साक्षीने कित्येक घरांतले कर्ते पुरुष तुरुंगात गेले असते. १८८६ मध्ये तान्ह्या मुलीला घेऊन ती इंग्लंडला गेली. या काळातली पतिपत्नींची पत्रे पुढे प्रसिद्ध झाली. पैशांची चणचण, खोट्या नावांचा त्रास आणि मत्सर त्यांत उघडपणे येतो. दरम्यान अँगसने आणखी दोन लग्ने केली. पुढे १८९६ च्या मुलाखतीत तिने, चार बायकांच्या नवऱ्याची बायको महिन्यातले तीन आठवडे मोकळी असते, असा युक्तिवाद केला. चरित्रकारांना हे वाक्य फार प्रिय आहे. पत्रांतला सूर मात्र निराळा आहे. रोजनिशा तिच्याच इच्छेनुसार जाळण्यात आल्याने दोहोंचा मेळ घालणे कठीण जाते.

राजकारण : नोव्हेंबर १८९६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षातर्फे ती यूटाच्या राज्य सिनेटवर निवडून आली. रिपब्लिकन उमेदवारांत अँगसही होता. तिने नवऱ्याला हरवले असे सर्रास लिहिले जाते. पण जागा पाच होत्या आणि मतदार एकाच यादीतून पाच जण निवडत होते, तेव्हा ही आमनेसामनेची लढत नव्हती.

कार्य : निवडणुकीच्या या चटकदार हकिकतीपेक्षा तिचे सार्वजनिक आरोग्यातील काम मोलाचे आहे. राज्य आरोग्य मंडळाची स्थापना, मूकबधिर व अंध मुलांचे सक्तीचे शिक्षण आणि नोकरदार स्त्रियांच्या आरोग्याचे रक्षण यांविषयीचे कायदे तिच्या पुढाकाराने झाले. दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या मुलींना बसायला आसन देणे त्यामुळे मालकांना भाग पडले. देवीच्या सक्तीच्या लसीकरणाला मनाई करणाऱ्या विधेयकाला तिने केलेला विरोध फळाला आला नाही. पंथाने १८९० मध्ये नवी बहुपत्नीक लग्ने थांबवल्याचे जाहीर केले होते. तरीही सिनेटर असताना, १८९९ मध्ये, तिला तिसरे अपत्य झाले आणि अँगसवर खटला झाला. तिची राजकीय कारकीर्द यामुळे संपली, असे सामान्यतः मानतात.

उत्तरायुष्य : लॉस एंजेलिसमध्ये गेले, निधन तेथेच. डिसेंबर २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या संसदभवनात यूटातर्फे तिचा पुतळा बसवण्यात आला. त्यासाठी दूरचित्रवाणीचे संशोधक फायलो फार्न्सवर्थ यांचा पुतळा हलवला गेला.