लग्नाचा खर्च : १८७३ पासूनचा हिशेब

हळदीचे पैसे हातात आले की हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा या पाचही तालुक्यांत लग्नांची धांदल सुरू होते. आपल्या पत्रिकेवर तथागत आणि बाबासाहेबांचे फोटो असतात, आणि ती वाटत फिरणारा मुलीचा बाप मनातल्या मनात व्याज मोजत असतो. मंडप, डीजे, जेवण, आंदण, नवरदेवाची गाडी यांचा आकडा आधी ठरतो आणि पैसा कुठून आणायचा याचा विचार नंतर होतो. आम्ही याला बजेट म्हणत नाही. बजेट आधी जमा बघते, मग खर्च. हा विषय आम्ही इतिहासातून मांडतो, कारण आपल्या चळवळीने तो दीडशे वर्षांपूर्वीच हाती घेतला होता.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी महात्मा फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबरला, सावित्रीबाईंच्या पुढाकाराने पहिला सत्यशोधक विवाह लागला. वर सीताराम जबाजी आल्हाट आणि वधू राधा, म्हणजे सावित्रीबाईंची मैत्रीण बजूबाई निंबणकर यांची मुलगी. भट नाही, दक्षिणा नाही, हुंडा नाही, खर्च पानसुपारीपुरता. त्या लग्नाने एक प्रश्न विचारला : लग्नातला पैसा जातो कोणाच्या खिशात? तेव्हा उत्तर होते, भटाच्या.

पण इथे एक खबरदारी घ्यावी लागते. "हे लोक लग्नात उधळतात, म्हणून कर्जात बुडतात," हा आरोप जुना आहे आणि तो नेहमी वरून खाली केला जातो. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यानंतर नेमलेल्या सरकारी चौकशी आयोगालाही मान्य करावे लागले की लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून नको तेवढे महत्त्व दिले गेले आहे. दाणागोटा, बी-बियाणे, बैल आणि सरकारी सारा यांसाठीची नेहमीची उसनवारी कर्ज जास्त वाढवते. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये फुल्यांनीही या आरोपाचा समाचार घेतला आहे. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो, आपली गरिबी लग्नातून आलेली नाही. ती जमीन नसण्यातून आणि जातीने वाटून दिलेल्या कामातून आली. लग्नाचे कर्ज फक्त तिला पुढच्या पिढीपर्यंत पोहोचवते.

बाबासाहेबांचे रमाईंशी लग्न भायखळ्याच्या मासळी बाजारात, बाजार उठल्यावर रात्री लागले. वऱ्हाडी दगडी ओट्यांवर बसले होते. ती गरिबीची सक्ती होती. पण १५ एप्रिल १९४८ रोजी ते देशाचे कायदामंत्री होते, मसुदा समितीचे अध्यक्ष होते, आणि तरीही दिल्लीत त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी साधा नोंदणी विवाह केला. ही सक्ती नव्हती, निवड होती.

पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा झाली आणि लोकांना प्रश्न पडला, आता लग्न लावायचे कसे? महापरिनिर्वाणाच्या दोनच दिवस आधी, ४ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी एका पत्राच्या उत्तरात विधी कळवला. होम नाही, सप्तपदी नाही. वधू-वरांच्या मध्ये पाटावर पाण्याने काठोकाठ भरलेले नवे मातीचे मडके, त्यात सुताचा धागा, धाग्याचे एक टोक तिच्या हातात आणि दुसरे त्याच्या. मंगलसुत्त म्हणावे, दोघांनी पांढरे कपडे घालावेत. या यादीतली कोणती वस्तू कर्ज काढून आणावी लागते?

यावर आपलीच तरुण मुले विचारतात, "आपल्या नवरदेवाला घोड्यावर बसू देत नव्हते. आता ऐपत आली तर वाजवायचे नाही का?" हा प्रश्न आम्ही हलका मानत नाही. गावच्या लग्नात आपल्या आजोबांच्या वाट्याला लाकडे फोडणे आणि उष्ट्याची वाट बघणे होते. वरात अडवली गेली तर ती काढण्याच्या हक्कासाठी आम्ही उभे राहू. पण वरात सावकाराच्या पैशावर निघाली, तर दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा त्याच्याच दारात उभे असतो. दोन लाख रुपये शेकडा तीन रुपये दराने घेतले तर महिन्याला ६,००० आणि वर्षाला ७२,००० रुपये नुसते व्याज. मुद्दल जागेवरच. मग मुकादमाची उचल घ्यायची, कोयता धरायचा, आणि धाकट्या मुलीची शाळा सोडवून तिला सोबत न्यायचे. १८७३ चा प्रश्न आज पुन्हा विचारा : पैसा गेला कोणाच्या खिशात?

म्हणून लग्न ठरले की दोन्ही घरांनी एकत्र बसावे, वधू-वरांनाही बसवावे आणि कागदावर लिहावे. पहिली ओळ : हातात आहेत किती. त्याच्या पुढे जायचे नाही. दुसरी : विधी, कपडे आणि जेवण. जेवण एकच, गोड पदार्थ एकच. तिसरी : खर्च निम्मा-निम्मा. धाग्याची दोन टोके दोघांच्या हातात असतील, तर बिल एकट्या मुलीच्या बापाच्या हातात कसे? हुंड्याची ओळच नको; १९६१ च्या कायद्याने देणे आणि घेणे दोन्ही गुन्हा आहे, त्याला ‘आंदण’ म्हटले म्हणून तो टळत नाही. चौथी : ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी. वरातीत लाखाचा खर्च होतो आणि हे काम राहून जाते. पुढे अडचण मुलीलाच येते. पाचवी : डीजेचे जे पैसे वाचले, ते वधूच्या नावाने, तिच्या पुढच्या शिक्षणासाठी.

सामूहिक विवाहासाठी शासनाची मदत मिळते, ती हक्काने घ्यावी. मात्र तिचे नाव ‘कन्यादान योजना’ आहे, हे आम्हाला मान्य नाही. मुलगी दान देण्याची वस्तू नाही.

१९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे केले ते मराठवाड्यातल्या आपल्या मुलांसाठी. त्या मुलांच्या मुला-मुलींची लग्ने आज होत आहेत. निदान त्यांच्या घरात तरी पत्रिका छापण्याआधी हा कागद लिहिला जावा, एवढी आमची विनंती आहे.

जय भीम.