उघड्या रस्त्याची शर्यत

मोटारींच्या ज्या शर्यती बंदिस्त वर्तुळमार्गांवर होतात त्यांना आज प्रेक्षकांची, पैशाची किंवा प्रसिद्धीची वाण नाही. परंतु ज्या रस्त्यावरून एरवी शेतमालाचे ट्रक आणि शाळेची मुले जातात त्याच रस्त्यावरून, दुकानात विकत मिळणाऱ्या मोटारीच्या जातकुळीतली मोटार घेऊन, हिमात, चिखलात, धुळीत आणि काळोखात घड्याळाशी झुंजणे हे जिचे स्वरूप, त्या रॅलीची सर्वोच्च पायरी मात्र ओस पडत चालली आहे. जागतिक अजिंक्यपदाचा वरचा वर्ग २०२२ मध्ये नव्या नियमांनिशी उभा राहिला तेव्हापासून त्यात टोयोटा, ह्युंदाई आणि फोर्डच्या मोटारी बांधून चालविणारी इंग्लंडातील एम-स्पोर्ट, असे तीनच प्रमुख संघ राहिले. बावीस वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी जगज्जेता ठरलेला फिनलंडचा काल्ले रोवानपेरा २०२५ च्या अखेरीस रॅली सोडून जपानमधील वर्तुळमार्गांकडे वळला, आणि त्याच सुमारास २०१९ चा विजेता ओट तानाक यानेही या क्षेत्रातून अंग काढून घेतले. ऐन उमेदीतल्या विजेत्याला आपले पुढचे यश अन्यत्र दिसावे, ही गोष्ट मला मोठी चिंताजनक वाटते. रॅलीचे सार्वजनिक रस्त्याशी आणि बाजारातल्या मोटारीशी असलेले नाते एकेका निर्णयाने तुटत गेले, आणि त्यांतील बहुतेक निर्णय त्या त्या वेळी टाळता न येणारे होते, असे या इतिहासाकडे पाहताना दिसते.

आरंभी हे नाते इतके निकटचे होते, की शर्यत आणि प्रवास यांत भेद करणे कठीण जावे. १९११ च्या जानेवारीत मोनाको संस्थानाने हिवाळ्यात पाहुणे यावेत या हेतूने पहिली मोंटे कार्लो रॅली भरवली, तेव्हा वीस-बावीस मोटारी युरोपच्या निरनिराळ्या शहरांतून निघाल्या आणि पॅरिसहून आलेला आंरी रूझिए विजयी ठरला. मात्र केवळ वेग पाहून गुण दिले गेले नव्हते, तर किती उतारू आणले, मोटार किती सुखसोयींची आहे आणि ती कोणत्या स्थितीत पोहोचली, याचाही हिशेब परीक्षकांनी केला होता. त्याबद्दल तक्रारी झाल्या, आणि त्या योग्यही होत्या. तथापि सामान्य गृहस्थाला मोटारीविषयी जे जाणून घ्यायचे असते त्याचीच ती परीक्षा होती, हे विसरता येत नाही.

या परीक्षेचे सर्वांत भव्य रूप युरोपात नव्हे, पूर्व आफ्रिकेत प्रकट झाले. राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने १९५३ मध्ये केनिया, युगांडा आणि टांगानिका या तीन मुलुखांतून काढलेली ‘कॉरोनेशन सफारी’ ही पुढे सफारी रॅली म्हणून जगभर गाजली. ऐन पावसाच्या तोंडाशी, ईस्टरच्या सुटीत, पाच हजार किलोमीटरांच्या आसपासची मजल असे. रस्ते वाहतुकीला बंद केलेले नसत, त्यामुळे वळणापलीकडे बस, गुरांचा कळप किंवा जिराफ यांपैकी काय उभे असेल याचा भरवसा नसे. आणि काळ्या मातीचा चिखल एकदा चाकांना चिकटला की अश्वशक्तीची मातब्बरी उरत नसे. १९६३ मध्ये ८४ मोटारी निघाल्या आणि ७ पोहोचल्या. १९६८ मध्ये ९३ निघाल्या आणि पुन्हा ७ च पोहोचल्या. दोन्ही वेळा निक नोविकी पूझो ४०४ घेऊन पहिला आला. युरोपातले नामांकित चालक कारखान्यांच्या पूर्ण सरंजामासह येत आणि हात हलवीत परत जात. १९७२ मध्ये हान्नु मिक्कोला आणि गुन्नार पाल्म यांनी फोर्ड एस्कॉर्टमधून विजय मिळविला, तोपर्यंत परदेशी जोडीला ही रॅली जिंकता आली नव्हती. कोणता ओढा किती पावसानंतर उतरतो आणि कोणत्या गावाबाहेरचा पूल वाहून गेलेला असू शकतो, हे ज्ञान तिथे राहणाऱ्यालाच असते; आणि रॅलीने त्या स्थानिक ज्ञानाला जागतिक क्रीडेत जो मान दिला, तो दुसऱ्या कोणत्या मोटारशर्यतीने दिल्याचे मला आढळत नाही.

या मानाचे दोन मोठे वाटेकरी भारतीय वंशाचे होते, आणि आपल्याकडे त्यांची आठवण फारशी निघत नाही याचे वाईट वाटते. केनियातील केरिचो येथे जन्मलेले जोगिंदर सिंग हे वडिलांच्या गॅरेजमध्ये हत्यारे हाताळत वाढले. १९६५ मध्ये त्यांनी आपले बंधू जसवंत यांना शेजारी बसवून सफारी जिंकली ती व्होल्व्हो कारखान्याने आधीच्या वर्षी वापरून झालेल्या, म्हणजे सरळ अर्थाने जुन्या, मोटारीतून. १९७४ आणि १९७६ मध्ये त्यांनी मित्सुबिशी लान्सरमधून तोच पराक्रम पुन्हा केला, आणि तोवर पूर्वेकडची म्हणून दुय्यम समजल्या जाणाऱ्या त्या कंपनीचे नाव एका झटक्यात जगाला ठाऊक झाले. दुसरे शेखर मेहता. युगांडातील एका गुजराती उद्योजक कुटुंबात ते जन्मले. ईदी अमीनच्या अमदानीत १९७२ मध्ये आशियाई लोकांना तो देश सोडावा लागला तेव्हा ते केनियात आले, आणि पुढच्याच वर्षी डॅटसन २४०झेड मधून त्यांनी सफारी जिंकली. १९७९ पासून १९८२ पर्यंत सलग चार वेळा त्यांनी ती पुन्हा जिंकली. जागतिक अजिंक्यपदाच्या फेऱ्यांत पाच विजयांची ही बरोबरी आजवर कोणाला साधलेली नाही. ज्याच्याकडून देश हिरावून घेतला गेला त्याने शेजारच्या देशाच्या वाटा इतक्या आपल्याशा कराव्यात, यातले मोठेपण शब्दांत मावणारे नाही.

लांब पल्ल्याच्या या परंपरेचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंतही आलेला आहे. नोव्हेंबर १९६८ मध्ये लंडनहून निघालेली सिडनी मॅरेथॉन इस्तंबूल, तेहरान, काबूल आणि दिल्ली मार्गे मुंबईस पोहोचली, आणि टिकून राहिलेल्या सुमारे सत्तर मोटारी येथूनच ‘चुसान’ या बोटीवर चढवून ऑस्ट्रेलियास रवाना करण्यात आल्या. पुढे १९८० पासून नाझीर हुसेन या मुंबईकराच्या पुढाकाराने हिमालयन रॅली सुरू झाली आणि सुमारे दहा वर्षे चालली. काबूलमार्गे मोटारी हाकीत मुंबईला येणे हा आज कल्पनेचाच विषय आहे. सरहद्दी बंद होणे, हेही रॅलीच्या रस्त्यावर आलेले एक संकटच होते.

जागतिक अजिंक्यपदाची स्थापना १९७३ मध्ये झाली तेव्हा मोटार आणि बाजार यांतील दुवा नियमानेच बांधलेला होता: ठरावीक संख्येने मोटारी तयार केल्याचे दप्तरी सिद्ध केल्याखेरीज कारखानदाराला प्रवेशाची मुभा नव्हती. १९८२ मध्ये आलेल्या ‘ग्रुप बी’ या वर्गाने ही संख्या २०० वर आणली आणि अभियंत्यांचे हात मोकळे केले. औडी क्वात्रोने चारही चाकांना शक्ती देण्याचे तत्त्व प्रस्थापित केले. तिच्यातून मिशेल मूतों हिने १९८१ मध्ये सानरेमो रॅली जिंकून जागतिक फेरी जिंकणारी पहिली स्त्री होण्याचा मान मिळविला, आणि पुढच्या वर्षी ती अजिंक्यपदात दुसरी आली. परंतु मोटारींची शक्ती रस्त्यांच्या आणि प्रेक्षकांच्या शिस्तीच्या पलीकडे गेली होती. १९८६ च्या मार्चमध्ये पोर्तुगालमध्ये एक मोटार गर्दीत शिरून तीन माणसे मृत्युमुखी पडली, आणि २ मे रोजी कॉर्सिका बेटावर हेन्री तोइवोनेन आणि सहचालक सेर्जो क्रेस्तो हे लान्चिया मोटारीसह दरीत कोसळून जळून गेले. वर्षापूर्वी त्याच तारखेस त्याच रॅलीत चालक आत्तिलिओ बेत्तेगा प्राणास मुकला होता. हेन्रीचे वडील पाउली यांनी १९६६ ची मोंटे कार्लो जिंकली होती, आणि हेन्रीने वीस वर्षांनी, मृत्यूच्या सुमारे तीनच महिने आधी, तीच रॅली जिंकली होती. ग्रुप बी ला १९८७ पासून मनाई झाली. त्या मनाईविरुद्ध आजही हळहळणारे रसिक आहेत. त्यांच्याशी मी सहमत होऊ शकत नाही. उत्कंठेची किंमत बघ्यांच्या प्राणांनी मोजावी लागत असेल तर ती उत्कंठा नको.

शिवाय मनाईनंतरच रॅलीने सामान्य माणसाच्या अंगणात खरा प्रवेश केला. नव्या नियमाने ५,००० मोटारी बांधण्याची सक्ती केल्यामुळे लान्चिया डेल्टा, टोयोटा सेलिका, सुबारू इम्प्रेझा, मित्सुबिशी लान्सर यांच्या स्पर्धेतील आवृत्त्यांची भावंडे रस्त्यावर दिसू लागली, आणि कॉलिन मॅक्रेने १९९५ मध्ये इम्प्रेझातून अजिंक्यपद मिळविल्यावर तिच्या निळ्या रंगासाठी तरुण वेडे झाले. १९९७ मध्ये ही सक्ती सैल झाली, कारण लहान कारखानदारांना ती पेलत नव्हती; त्याच काळात दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी आणि खर्चाला आळा म्हणून मजल आखूड झाली, रात्रीचे टप्पे घटले, आणि एकाच मुक्कामाभोवती पाकळ्यांसारखे टप्पे आखण्याची पद्धत रूढ झाली. ज्या गावांवरून पूर्वी रॅली जात असे त्यांना ती दिसेनाशी झाली. प्रसारणाचा मक्ता एका हातून दुसऱ्या हाती जात राहिला. २०११ च्या अखेरीस तर मक्तेदाराचाच व्यवहार कोसळला. कारखानदारही टिकेनात: मित्सुबिशी आणि पूझो २००५ नंतर गेले, डिसेंबर २००८ मध्ये सुझुकी आणि सुबारू यांनी लागोपाठच्या दोन दिवसांत माघार जाहीर केली, फोक्सवागन चार वर्षांत चारही अजिंक्यपदे जिंकून २०१६ अखेरीस, धुराच्या चाचणीतील गैरव्यवहार उघडकीस आल्यानंतरच्या काटकसरीत, निघून गेली, सित्रोएनने २०१९ मध्ये निरोप घेतला. २००४ पासून २०२१ पर्यंतच्या अठरा वर्षांत सतरा अजिंक्यपदे सेबास्तियां लोब आणि सेबास्तियां ओझिए या दोघा फ्रेंच चालकांकडे गेली. त्यांची कला असामान्य होती, यात शंका नाही; पण निकाल आधीच ठाऊक असल्याच्या भावनेने प्रेक्षक पांगले, हेही तितकेच खरे.

२०२२ च्या मोटारींत विजेची जोड आली आणि सांगाडा पोलादी नळ्यांचा झाला, म्हणजे बाजारातल्या मोटारीशी बाहेरच्या आकाराखेरीज फारसे काही समान उरले नाही. विजेची ती जोडही २०२५ च्या आरंभी काढून टाकावी लागली. सफारी २००२ नंतर अजिंक्यपदातून वगळली गेली होती, ती २०२१ मध्ये परत आली, पण नैवाशाच्या परिसरात, बंद केलेल्या खासगी वाटांवर, साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपासच्या टप्प्यांची. तिथली भुसभुशीत धूळ अजून मोटारी गिळते, आणि केनियातील लोक या रॅलीला आपली समजून गर्दी करतात, हे पाहून मन सुखावते. १९३२ पासून भरत आलेली आणि १९६० मध्ये वनखात्याच्या मंजुरीने अरण्यातील वाटांवर गेलेली ब्रिटनची रॅली मात्र २०१९ नंतर यादीत नाही.

आता २०२७ पासून नवे नियम अमलात यायचे आहेत. एका मोटारीची किंमत ३,४५,००० युरोच्या मर्यादेत ठेवण्याची तजवीज त्यांत आहे, आणि त्याहून मला अधिक मोलाची वाटते ती दुसरी तरतूद: मोठ्या कारखानदारांखेरीज स्वतंत्र बांधणीकारांनाही सर्वोच्च वर्गासाठी मोटार तयार करण्याची परवानगी मिळणार आहे. कारखानदार येतात आणि संचालक मंडळाच्या एका ठरावाने जातात. गॅरेजवाला सहसा गाव सोडून जात नाही. केरिचोच्या त्या पोराने इतरांनी वापरून झालेली व्होल्व्हो दुरुस्त करून जो विजय मिळविला, तसा विजय पुन्हा नियमांच्या चौकटीत शक्य व्हायचा असेल, तर या तरतुदीचा लाभ घेणारे बांधणीकार पहिल्या दोन-तीन वर्षांतच पुढे यायला हवेत.