यंत्र पंधरा वर्षांचे, नेटवर्क किती वर्षांचे?

विशेष प्रतिनिधी

कॉम्प्रेसर, पंप किंवा जनरेटर बनविणारे लघुउद्योजकही आता आपली यंत्रे इंटरनेटला जोडून देऊ लागले आहेत. ग्राहकाकडील यंत्राचा दाब, तापमान आणि कंपने आपल्या कार्यालयात बसून पाहता आली, तर बिघाड होण्याआधीच तंत्रज्ञ पाठविता येतो. मात्र ही माहिती यंत्रातून कोणत्या मार्गाने बाहेर आणायची, याचा निर्णय अनेकदा केवळ मोडेमची किंमत पाहून घेतला जातो. यंत्र पंधरा वर्षे चालणार असेल आणि मोडेमचे नेटवर्क त्याआधीच बंद पडणार असेल, तर ही बचत महागात पडते.

सॅन फ्रान्सिस्कोचा धडा

अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने २०१६ च्या अखेरीस आपली टूजी सेवा बंद केली. त्यानंतर लगेचच सॅन फ्रान्सिस्को शहरातील अनेक बसगाड्या ‘पुढची बस किती मिनिटांत’ हे सांगणाऱ्या यंत्रणेतून दिसेनाशा झाल्या. बसगाड्या रस्त्यावर धावत होत्या. त्यांतील उपकरणे मात्र टूजीवर चालणारी होती. सेवा बंद होणार हे आधीच जाहीर झाले होते, हे विशेष.

आधी प्रश्न, मग तंत्रज्ञान

निवड करण्यापूर्वी उद्योजकाने पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडावीत. यंत्र एकाच शेडमध्ये राहणार की गावोगावी जाणार? माहिती किती आणि किती वेळाने पाठवायची? तेथे वीज आहे की बॅटरीवरच भागवायचे? संदेश काही सेकंद उशिरा पोहोचला, तर केवळ नोंद चुकेल की अपघात होईल?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘अपघात’ असे असेल, तर तारेला पर्याय नाही, असे समजून चालावे. यंत्र थांबविण्याची सुरक्षा यंत्रणा जागेवरच असावी; ती इंटरनेटवर अवलंबून ठेवू नये.

पर्याय कोणते?

एकाच शेडमधील यंत्रांसाठी आरएस-४८५ ही जुनी तारजोडणी आजही भरवशाची आहे. कमी वेगात ती सुमारे १,२०० मीटरपर्यंत चालते. इथरनेटची तांब्याची केबल वेगवान असली, तरी तिची मर्यादा १०० मीटर आहे. त्यापुढे फायबर टाकणे योग्य. वायफाय सोयीचे असते. परंतु पत्र्याच्या शेडमध्ये आणि लोखंडी यंत्रांच्या गर्दीत त्याची प्रत्यक्ष चाचणी घेतल्याशिवाय भिस्त ठेवू नये.

विस्तीर्ण आवारातील टाक्यांची पातळी किंवा पाण्याचे मीटर दिवसातून काही वेळा वाचायचे असतील, तर ‘लोरावॅन’ उपयुक्त ठरते. भारतात त्यासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठराविक शक्तिमर्यादेत परवान्याविना वापरता येतो. मोकळ्या जागेत काही किलोमीटरचा पल्ला मिळतो आणि छोटी बॅटरी अनेक वर्षे टिकते. मात्र मोठी माहिती किंवा तातडीचे नियंत्रण हे त्याचे काम नव्हे.

गावोगावी विखुरलेल्या यंत्रांना मोबाईल नेटवर्कच सोयीचे. त्यातही फोरजीचा ‘कॅट-१’ हा प्रकार बहुतेक यंत्रांना पुरेसा ठरतो. ‘एनबी-आयओटी’ कमी वीज घेते. पण ती सेवा त्या ठिकाणी खरोखर मिळते का, हे आधी तपासावे. जपानमध्ये एनटीटी डोकोमोने ही सेवा २०१९ मध्ये सुरू करून २०२० मध्ये बंदही केली. ‘सिगफॉक्स’ हे स्वतंत्र नेटवर्क उभारणाऱ्या फ्रेंच कंपनीवर २०२२ मध्ये दिवाळखोरीची वेळ आली आणि त्याच वर्षी ती दुसऱ्या कंपनीकडे गेली. आपल्याकडेही एअरटेलने २०२० पर्यंत थ्रीजी सेवा गुंडाळली, तर जिओकडे टूजी कधी नव्हतेच. म्हणूनच आज केवळ टूजीचे स्वस्त मोडेम बसविणे धोक्याचे आहे.

ही काळजी घ्यावी

मोडेम मुख्य सर्किटवर पक्के न बसविता वेगळ्या कार्डावर ठेवावे, म्हणजे नेटवर्क बदलले तरी केवळ कार्ड बदलून भागते. रेंज गेली तरी काही दिवसांच्या नोंदी यंत्रातच साठतील, अशी सोय हवी. यंत्राचा कंट्रोलर थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये आणि कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. सेवा किती वर्षे चालेल आणि बंद करण्यापूर्वी किती मुदतीची सूचना मिळेल, हे मोबाईल कंपनीकडून लेखी घ्यावे.

मोडेमच्या किमतीत थोडेफार रुपये वाचतात. पण ते बदलण्यासाठी शंभर गावांत तंत्रज्ञ पाठवावे लागले, तर तो खर्च उद्योजकालाच सोसावा लागतो. दरपत्रक मागविण्यापूर्वी हा हिशेब केलेला बरा.