वस्तरा खाली ठेवणारे

जपानी वस्तरा, म्हणजे कामिसोरी, शिकायचा तर पहिला धडा एकच: आधी धार, मग दाढी. हे ज्ञान आपल्या नाभिकांच्या धोकटीत होतंच. दगडावर घासायचं, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचं.

पण त्याच वस्तऱ्याने विधवांचं केशवपनही व्हायचं, विशेषतः ब्राह्मण घरांत. १८९० साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी त्याला चक्क नकार दिला, संप केला. हातावर पोट असलेल्यांनी हक्काची मिळकत सोडली राव!

आमच्या लोणंदच्याच खंडाळा तालुक्यात नायगाव आहे, सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव. सावित्रीबाईंचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या नाभिकांची नावं कुणाला येतात? दाढी शिका मंडळी, पण एवढं लक्षात असू द्या.