खड्डे मोजणारा माणूस

श्रोतेहो, गावचा रस्ता खचला की आपण पारावर बसून कारभाऱ्यांना नावं ठेवतो. पण खर्चाची वही कितीजण मागतात? रस्ता आणि वही ताडून पाहण्याचा एक स्वतंत्र व्यवसाय कसा झाला, ते ऐका.

१९०६ साली अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी हेन्री ब्रुएर नावाच्या तरुणाने मॅनहॅटन विभागाचा कारभार तपासला आणि अहवाल छापला. त्यावर सरकारी चौकशी झाली. १९०७ च्या डिसेंबरात गव्हर्नर ह्यूज यांनी विभागप्रमुख जॉन अहर्न यांना पदावरून दूर केलं. नवल असं, की नगरसेवकांनी काही दिवसांतच त्यांनाच पुन्हा निवडलं! ते पद सुटलं १९०९ साली, न्यायालयाच्या निकालाने.

पण काम थांबलं नाही. १९०७ मध्येच ‘ब्युरो ऑफ म्युनिसिपल रिसर्च’ ही संस्था रीतसर उभी राहिली. १९११ साली तिने असे कारभार-तपासनीस तयार करणारी शाळा काढली.

मंडळी, तपासनीस आकडे मांडील. जाब मात्र गावानेच विचारायचा. आणि गुरुजी, ग्रामसभेत वर्षाचा जमाखर्च मांडतात, त्या दिवशी वरच्या वर्गातली मुलं नेऊन बसवा. हिशेब ऐकायची सवय लहानपणीच लागलेली बरी.